लेकराच्या हृदयातलं भोक आणि बिटाचा रस

मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक निरोप फिरतोय: ‘लेकराच्या हृदयाला भोक असेल तर घाबरू नका. रक्तातल्या पेशी ते आपोआप बुजवतात. बीट-डाळिंबाचा रस, गूळ देऊन रक्त वाढवा. दम कमी झाला की समजा भोक भरलं.’ साफ खोटं असतं तर खोडणं सोपं गेलं असतं. यात खऱ्याची भेसळ आहे.

‘आपोआप बुजतं.’ कोणतं भोक? खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या स्नायूतलं बारीक छिद्र बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांत बंद होतं. वरच्या कप्प्यांच्या पडद्यातलं मधोमध असलेलं छिद्र तान्हेपणी ५ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुधा बुजतं, ८ च्या वर असेल तर क्वचितच. महाधमनीच्या झडपेला खेटून असलेल्या छिद्राची वाट बघण्यात मात्र तोटाच. झडपेची पाकळी त्यात ओढली जाते आणि झडप गळायला लागते. म्हणून इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, कागदावर छिद्राची जागा आणि मिलिमीटर, दोन्ही वाचा.

‘रक्तातल्या पेशी बुजवतात.’ हे बहुधा २०१० च्या उंदरांवरच्या संशोधनातून उचललेलं आहे. जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी एक नळी हृदयाबाहेर असते, पीडीए. ती मिटवण्यात प्लेटलेट्सचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, हात असतो, एवढंच त्यात दिसलं. ती नळी आहे, पडद्यातलं भोक नव्हे. पुढे चंदीगडच्या पीजीआय या सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जादा प्लेटलेट्स देऊन पाहिल्या, तर नळी लवकर मिटली नाहीच, उलट मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण जास्त निघालं. पडद्यातलं भोक बुजतं ते स्नायू वाढून, कडेला तंतू धरून किंवा शेजारच्या झडपेची पाकळी चिकटून.

‘रक्त वाढवा.’ रक्त कमी असेल तर आधीच दमलेल्या हृदयावर आणखी ताण येतो, तेव्हा ते भरून काढायलाच हवं. त्यानं दम थोडा हटेल, भोक तेवढंच राहील. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना अंगणवाडीतून मिळणारं लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा १ मिली, म्हणजे दर वेळी २० मिलिग्रॅम लोह, असं असतं. ते प्रतिबंधापुरतं, रक्त खरंच कमी निघालं तर डोस वजनावर ठरतो. सहा महिन्यांच्या आत रस पाजला तर पोट त्यानंच भरतं, दूध कमी जातं, वजन घटतं. आणि ओठ-नखं निळी पडणाऱ्या लेकराचं हिमोग्लोबिन १८-२० असूनही अंगात लोह कमी असू शकतं. तिथे आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही.

‘दम कमी झाला, भोक भरलं.’ सगळ्यात घातकी वाक्य हेच. जन्मताना फुप्फुसांतला दाब जास्त असतो, म्हणून मोठं भोकही गप्प बसतं. सहा-आठ आठवड्यांत दाब उतरतो, रक्त फुप्फुसांत लोटतं. बाळ दोन घोट पिऊन थांबतं, कपाळावर घाम फुटतो, बरगड्या आत ओढल्या जातात. महिनोन्‌महिने असंच चाललं तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होतात आणि रक्ताचा लोंढा आटतो. दम हटतो, वजन धरतं, डॉक्टरांच्या नळीतून ऐकू येणारी हृदयाची खरखर ऐकू येईनाशी होते. घरात पेढे वाटले जातात. पुढे प्रवाह उलटा फिरतो, ओठ निळे पडतात, आणि मग भोक बुजवणंच जीवावर बेततं. म्हणून खालच्या पडद्यातलं मोठं भोक साधारण पहिल्या वर्षाच्या आतच बंद करतात. खरं भरलं की वाहिन्या जाड झाल्या, हे फक्त इको सांगतो.

पुढच्या इकोची तारीख नेमकी ऊसतोडीच्या हंगामात येते आणि बीडचं कुटुंब तेव्हा कारखान्यावर असतं. जाण्याआधी रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये घ्या, मूळ कागद सोबत ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, असताना लेकरू झोपलेलं असेल तेव्हा पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, तर तारखेची वाट न बघता जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.