राजाचा वाढदिवस आणि माझा फेटा

अ‍ॅमस्टरडॅमला आलो त्या वर्षीची गोष्ट. एप्रिल संपत आला तसे आमच्या गल्लीत फूटपाथवर खडूने आखलेले चौकोन दिसायला लागले, आत लिहिलेलं 'बेझेट'. मला वाटलं गॅसची लाइन खोदणार. ऑफिसात विचारलं तर म्हणे लोकांनी जागा धरल्यात! २७ एप्रिल म्हणजे किंग्ज डे, राजाचा वाढदिवस, त्या दिवशी कुणीही रस्त्यावर बसून घरातला पसारा विकायचा, ना परवाना ना टॅक्स. म्हणजे आपला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचाच प्रकार की! इतकं घरच्यासारखं मला इथे पहिल्यांदाच वाटलं.

कपडे ऑरेंज हवेत, कारण राजघराणं ऑरेंज-नासाऊ. (झेंडा लाल-पांढरा-निळाच, त्या दिवसापुरती वर एक ऑरेंज पट्टी लावतात.) माझ्याकडे ऑरेंज काय, तर ढोल पथकातला फेटा. बांधला. थंडी, त्यात पाऊस, फेटा भिजून दोन किलोचा झाला आणि दर दहा पावलांवर कुणीतरी बिअर सांभाळत सेल्फी मागतंय, मानेची पार वाट.

व्होंडेलपार्क त्या दिवशी पोराटोरांचं. एक आठेक वर्षांची मुलगी चादर पसरून बसलेली, जिगसॉ पझल ३ युरो. मी तुळशीबागेत तयार झालेला माणूस, मोडक्या डचमध्ये दीड म्हटलं.

"तीनच. यात एक तुकडा कमी आहे."

"मग अजून कमी कर ना!"

"केलंय. सकाळी चार होते."

मी नेहमीसारखा चालायला लागलो. तुळशीबागेत चौथ्या पावलाला मागून "ओ दादा, या इकडे" येतंच, इथे काही येईना म्हणून वळून बघितलं तर ती निवांत सँडविच खात होती आणि आमच्या हिने तोवर तीन युरो मोजले होते.

मग टोम्पूस नावाची इथली पेस्ट्री खाल्ली. वर ऑरेंज आयसिंग, त्याखाली कडक पापुद्रे, मधे क्रीम. चावलं की सगळं क्रीम बाजूने बाहेर, थेट जॅकेटवर. हे नीट खाणारा डच माणूस मला अजून भेटायचाय.

दोन कॉफ्यांनंतर टॉयलेट शोधायची वेळ आली. एका घराच्या दारावर पाटी, टॉयलेट २ युरो. घासाघीस करण्याच्या परिस्थितीत मी नव्हतो, मुकाट दिले. बाहेर आलो तर दारातल्या आजी माझ्या डोक्याकडे टक लावून.

"हे केवढ्याला?"

"वीस," मी छाती काढून म्हटलं.

"पाच. ओला आहे."

मी फेटा सोडायला लागलो.