कोब्रा होऊन राहिली, भाऊ!

अभिनंदन. मुलीचं लग्न झालं, मुलगा बंगळुरूला लागला, नागपुरातला हिंगणा रोडचा प्लॉट चांगल्या भावात गेला, आणि आता तुम्हाला कोब्रा गाडी हवी आहे. लांब नाक, दोन सीट, छप्पर नाही, निळ्या अंगावर दोन पांढरे पट्टे. अस्सल मिळायची नाही. टेक्सासच्या कॅरोल शेल्बीने 1962 साली एसी एस नावाच्या ब्रिटिश गाडीत फोर्डचं आठ सिलिंडरांचं व्ही-एट इंजिन बसवलं, त्यातून पुढच्या काही वर्षांत जेमतेम हजारभर गाड्या निघाल्या, आणि त्यांतली अगदी पहिली 2016 च्या लिलावात 1 कोटी 37 लाखांहून जास्त डॉलरला गेली. तेवढ्यासाठी प्लॉट पुरत नाही, अख्खं हिंगणं विकावं लागेल, आणि ते तुमच्या नावावर नाही. म्हणून जगभरचे शौकीन करतात तेच तुम्हीही करणार, नक्कल बनवून घेणार. रस्त्यावर आज दिसणाऱ्या बहुतेक कोब्रा नकलीच आहेत, तेव्हा त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न एवढाच, की बनवायला कोणाला द्यायची. इथे भली भली माणसं नको तिथे डोकं वापरतात. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा सल्ला.

पहिली गोष्ट. ज्याने आजवर एक तरी गाडी पूर्ण करून गिऱ्हाइकाच्या हातात दिली आहे, असा माणूस कटाक्षाने टाळा. हा इसम फार कंटाळवाणा असतो. तो तुमची उंची विचारतो. लाकडी चौकटीत बसवून पाय कुठवर जातात ते मोजतो, कारण कोब्रात इंजिन मागे सरकवलेलं असल्याने पाय ठेवायला जागा बेताची असते. कागदावर आकृती काढतो, किंमत आधीच सांगतो, आणि ती ऐकून तुमचा चहा थंड होतो. वर त्याच्या बोलण्यात ‘नाही’ हा शब्द येतो. पैसे आपण द्यायचे आणि नकारही आपणच ऐकायचा, हे कोणत्या धर्मात बसतं?

तुम्हाला हवा तो माणूस मोबाईलच्या रीलमध्ये भेटेल. त्यात ढोलताशा असेल, धूर असेल, गाडीवरून सावकाश फिरणारा ड्रोन असेल. गाडी चालताना मात्र दिसणार नाही. वाडीच्या पुढे अमरावती रोडला आत कुठेतरी त्याचं टिनाचं शेड असतं. दारात एक चकाचक गाडी उभी असते, ती त्याची नसते, पॉलिशला आलेली असते. मागच्या अंगाला फायबरची चार-पाच कवचं विटांवर ठेवलेली दिसतील. त्यांना चाकं नाहीत, दिवे नाहीत, एकीच्या सीटच्या जागी मांजर व्यायलेली आहे. ‘या कुणाच्या?’ म्हणून विचाराल तर उस्ताद म्हणेल, ‘पार्टीच्या आहेत न भाऊ. होऊन राहिल्या.’ विषय इथेच संपवा. त्या पार्ट्यांचे फोन नंबर मागणं हा असभ्यपणा आहे. शिवाय उस्ताद तोवर तुम्हाला रंगाचं कार्ड दाखवत असतो. जो माणूस सगळ्यात आधी रंग विचारतो, तोच आपला.

आता चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. खरं तर या विषयात तुम्ही पडूच नये, पण वेळ आलीच तर मान डोलवता यावी म्हणून सांगतो. मूळ कोब्राच्या खाली दोन जाड गोल नळ्यांची शिडी होती. सुरुवातीच्या गाड्यांत तीन इंची, आणि 1965 पासूनच्या सात लिटरच्या 427 मॉडेलमध्ये चार इंची. छप्पर नसलेल्या गाडीत सगळा पीळ त्या शिडीलाच सोसावा लागतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर होतं 90 इंच.

आपल्याकडे उस्ताद दोन पर्याय देतो. एक मारुतीची जिप्सी. तिची चासी वेगळी निघते आणि चाकांमधलं अंतरही साडेत्र्याण्णव इंच, म्हणजे जवळपास जुळतंच. फक्त जिप्सी जमिनीपासून 210 मिलिमीटर वर उभी असते आणि चारही चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा असतात, त्यामुळे तयार कोब्राखालून मांजर ताठ शेपटीने जाते. दुसरा पर्याय हिंदुस्तान मोटर्सची जुनी कॉन्टेसा. ‘चासी ओरिजिनल कॉन्टेसाची देतो,’ असं उस्ताद छातीवर हात ठेवून सांगतो. कॉन्टेसाला वेगळी चासीच नव्हती, बॉडी हीच चासी, हे तुम्हाला ठाऊक असेल तर कृपया चेहऱ्यावर दाखवू नका. चाकांमध्ये 105 इंच भरतात म्हटल्यावर उस्ताद मधले पंधरा इंच ग्राइंडरने कापतो आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना वेल्ड करतो. वर पुट्टी, पुट्टीवर रंग. त्या जोडावर तुम्ही आणि वहिनी बसणार.

काही खडूस लोक अशा वेळी एक परीक्षा घेतात. गाडीच्या एका कोपऱ्याला जॅक लावून चाक उचलायचं आणि दार उघडून बघायचं. चासी कच्ची असेल तर दार अडकतं किंवा उघडलेलं लागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. पण भरल्या शेडमध्ये, पोरांच्या समोर, उस्तादाचा असा अपमान करणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. जॅक डिकीतच राहू द्या. (डिकी उघडत असेल तर.)

बॉडीची चिंता नको. नागपुरात फायबरच्या कामाला तोटा नाही. बागेतल्या तलावावरची हंसाची होडी, वॉटर पार्कची घसरगुंडी, शाळेच्या फाटकावरचा डायनासोर, सगळं इथेच होतं. उस्ताद तुमची बॉडी त्यातल्याच एकाला देतो. हात तोच असल्याने कोब्राच्या पुढच्या मडगार्डात हंसाची मान डोकावते, पण पट्टे ओढले की तिकडे लक्ष जात नाही. साचा कुठून आणला? चांगला प्रश्न आहे, विचारू नका. बहुतेकदा कुणाच्या तरी नकलेवरूनच साचा उतरवलेला असतो, आणि नकलेची नक्कल करताना प्रत्येक वेळी थोडं आकसतं, थोडं वाकतं. जास्त हुशार उस्ताद तर 1:18 च्या खेळण्यातल्या गाडीवरून मापं घेतो. हिशोब सोपा आहे, खेळण्याच्या चाकांमध्ये बरोबर पाच इंच आले की झालं. टेप अर्धा सेंटिमीटर सरकला, तर गाडीत नऊ सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणूनच कोब्रा नेहमी एका बाजूने बघावी. डावी आणि उजवी एकाच वेळी बघायचा हट्ट कशाला?

मे महिन्यात पारा 45 च्या वरही जातो, आणि टिनाखाली त्याहून जास्त. अशा उकाड्यात फायबरच्या रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर जरा जास्त पडलं की बादलीतच दगड होतो. म्हणून मोजमाप वगैरे नाही, उस्ताद बाटली तिरपी करून डोळे मिटतो. कवच साच्यातून घाईने काढलं आणि पुरतं मुरायच्या आत रंग मारला, की पहिल्याच उन्हाळ्यात रंगाखालून काचेच्या मॅटचे धागे उमटतात. जाणकार याला दोष म्हणतील. तुम्ही कार्बन फायबर म्हणा.

इंजिनात फारसं बोलण्यासारखं नाही. मूळ 427 मध्ये सात लिटर आणि चारशेच्या वर हॉर्सपॉवर, तुमच्या जिप्सीत 1.3 लिटर आणि ऐंशी. व्ही-एटची धूर सोडणारी चार-चार नळकांडी दोन्ही बाजूंनी बाहेर येतात. तुमच्याकडे सिलिंडरच एकूण चार, तेही एका रांगेत, त्यामुळे एका बाजूची नळकांडी शोभेची. त्या बाजूने उतरलं की पोटरी भाजत नाही. अस्सल कोब्रावाल्यांना हे सुख नाही. ब्रेक? लागतात. सीताबर्डीच्या सिग्नलवर इंजिन तापलं तर गाडी फुटपाथला घ्या आणि बोनेट उघडून उभे राहा. लोकांना वाटेल, दाखवताय.

कागदपत्रांवर मात्र थोडं थांबू, कारण उस्तादाची खरी पारख इथे होते. ‘कागदांचं माझ्यावर सोडा’ हे वाक्य त्याच्या तोंडून आपणहून आलं, की डोळे झाकून अॅडव्हान्स काढा. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाने गाडीत करू नयेत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. तुमच्या आरसीवर जिप्सी, फाटकात कोब्रा. बरं, नवीन गाडी म्हणूनच नोंदवू म्हणाल, तर 1989 च्या केंद्रीय नियमांतला नियम 126 आडवा येतो, म्हणजे नमुना गाडी आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून आणा. कंपन्यांना ते जमतं, शेडला नाही. इंग्लंडमध्ये म्हणे घरी जोडलेल्या एकेका गाडीचीही सरकारी तपासणी करून तिला रीतसर नंबर देतात. पण तुम्ही राहता धरमपेठेत.

मग उस्ताद हुकुमाचं पान काढतो, ‘विंटेजमध्ये टाकून देऊ न भाऊ.’ विंटेजचे नियम 2021 साली आले हे खरं. वीस हजार रुपये भरले की नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. गेल्या श्रावणात ओतलेलं फायबर त्यात बसत नाही. हे सगळं तुम्ही उस्तादाला ऐकवलंत तर तो खिन्न होईल आणि म्हणेल, ‘एवढं कायले वाचता? रस्त्यात कोणी अडवत नाही, सेल्फी काढतात.’ हे अगदी खरं आहे. सेल्फी काढून झाला की आरसी मागतात. विमा तर काढाच. उद्या ठोकली, तर सर्व्हेयर येऊन बराच वेळ जिप्सी शोधेल, आणि त्याला ती सापडेपर्यंत तुमची फाइल बंद झालेली असेल.

पैशाचं कसं करायचं? चासी उभी राहिली की इतके, इंजिन सुरू झालं की इतके, चालवून बघितल्यावर उरलेले, असा टप्प्यांचा करार म्हणजे माणसावर अविश्वास. सत्तर टक्के आधी द्या, रोख द्या, पावती मागू नका. पावती मागितली की उस्तादाचा चेहरा उतरतो आणि उतरलेल्या चेहऱ्याने वेल्डिंग चांगलं होत नाही. कोणतं सामान नवीन, कोणतं भंगारातलं, ही यादी लिहून घेण्याचाही प्रश्न येत नाही, कारण त्या वेळी ते सामान अजून कुणाच्या तरी चालू गाडीत असतं.

तारखेचा आग्रह धरू नका, सण विचारा. पोळा. मग पोळा होतो, दुसऱ्या दिवशी मारबत इडापीडा घेऊन जाते, दसऱ्याचं सोनं वाटून होतं, संक्रांतीला नायलॉन मांजाच्या बातम्या येतात, पाडव्याला गुढी उभी राहते. फोनवर उस्ताद तितक्याच प्रेमाने बोलतो. ‘फक्त रेडिएटर बाकी आहे भाऊ. दिल्लीहून येऊन राहिला.’ रेडिएटर पायी निघाला असावा.

पण आता जरा शांतपणे विचार करा. गाडी खरोखरच आली असती तर? विना छपराची गाडी, टीचभर काच, आणि नागपूरचा उन्हाळा. शिवमडक्याहून समृद्धीवर चढायचं आणि 120 च्या वेगाने तोंडावर लू घ्यायची, 701 किलोमीटर. पावसाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावरून बाजूच्या ट्रकने उडवलेलं पाणी थेट मांडीवर. हिवाळ्यातले सहा-सात आठवडे बरे, पण ते लग्नसराईत जातात, आणि तेव्हा साळ्याच्या मुलाला वरातीसाठी गाडी हवी असते. या उलट, न झालेली कोब्रा केवढं सुख देते! सकाळी फुटाळ्यावर फिरायला आलेल्या मंडळींत तुमचं स्थान वेगळं आहे. तर्री-पोह्यांच्या गाडीवर कुणी टाटाच्या नवीन सिएरा गाडीचा विषय काढला, की तुम्ही कांदा बाजूला सारून हळूच म्हणता, ‘आपली कोब्रा होऊन राहिली.’ सगळे गप्प. हे वाक्य गाडी आल्यानंतर म्हणता येत नाही. तेव्हा लोक विचारतात, ‘मायलेज किती देते?’

आणि एक दिवस उस्तादाचा फोन येतो. आवाज मधाळ. ‘भाऊ, कोराडी रोडची एक पार्टी आली आहे. त्याईले तुमची बॉडी दाखवून राहिलो. जरा बोलता का?’ एव्हाना तुम्हाला हिशोब समजलेला असतो. या पार्टीचा अॅडव्हान्स आला की तुमचा रेडिएटर येणार. तुमच्या पैशातून कुणाच्या तरी गाडीला डिस्क ब्रेक लागले होते, आणि त्या कुणाने त्या वेळी फोनवर तुम्हाला उस्तादाची तोंडभरून तारीफ ऐकवली होती. तेव्हा घसा साफ करा आणि सांगा, ‘माणूस एक नंबर आहे साहेब. बिनधास्त द्या. चासीचं, कागदांचं काही बघू नका, फक्त रंग ठरवून या.’

तो विचारेल, ‘तुमची कधी मिळणार?’

‘दसऱ्याला,’ म्हणा, आणि त्याने साल विचारायच्या आत फोन उस्तादाला द्यायला सांगा. रेडिएटरचं विचारायचं आहे.