टीडीएसच्या पेनाला नाल्यातलं काय कळतं?

‘बळ्ळारी नाला स्वतःच तपासा, लॅब कशाला?’ असा पाच कलमी मेसेज बेळगावातल्या ग्रुपांवर फिरतोय. बळ्ळारी नाला म्हणजे आपल्या शहापूर-वडगावच्या शिवारातून जाणारा नाला. वडगावच्या मावशीनं तो वाचून टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं) पेन मागवलं आणि नाल्याच्या पाण्यावरची कोथिंबीर ‘चेक केलेली’ म्हणून घरात आणली. तेव्हा आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

पहिलं कलम: ‘पेन ३००च्या आत दाखवत असेल तर नाला निरोगी, भाजीला पाणी बिनधास्त सोडा.’ पाचांत सगळ्यात घातक हेच. पेन घाण मोजतच नाही. त्याच्या टोकाला दोन धातूच्या काड्या असतात. त्यांच्यामधून वीज किती वाहते ते बघून, त्याला ०.५ ते ०.७च्या आसपासच्या आकड्यानं गुणून ते उत्तर देतं. म्हणजे त्याला कळतात ते विरघळलेले क्षार. घरी करून बघा: लिटरभर पाण्यात दोन चमचे साखर ढवळा, आकडा जागचा हलत नाही. अर्धा ग्रॅम मीठ टाका, पाचशेच्या आसपास चढतो. संडासातले जंतू आणि जंतांची अंडी या हिशेबात साखरेच्याच रांगेत बसतात. पावसाळ्यात तर कहरच. जुलैत क्षार पातळ होऊन आकडा उतरतो, आणि त्याच पावसानं गोठ्यांतली, गटारांतली घाण नाल्यात आलेली असते. पेन म्हणणार, पाणी सुधारलं!

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं वापरानुसार पाण्याचे ए ते ई असे पाच वर्ग केलेत. पिण्यासाठीचा ए, आंघोळीचा बी, प्रक्रिया करून पिण्याचा सी: या तिन्हींत बघतात कोलिफॉर्म जंतू (मैला मिसळल्याची खूण), प्राणवायू, बीओडी (घाण कुजताना जंतू किती प्राणवायू खातात तो आकडा) आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली). मासे आणि वन्यजीवांसाठीच्या डी वर्गात पीएच, प्राणवायू आणि मुक्त अमोनिया. पेनाचा आकडा ज्यावरून निघतो ती विद्युतवाहकता या चारांत कुठेच नाही. ती येते फक्त शेवटच्या ई वर्गात, शेतीच्या पाण्याला: कमाल २२५० मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर. तेवढं अर्धसत्य मान्य करावं लागेल, पण ती अट जमीन खारवू नये म्हणून आहे, खाणाऱ्याच्या पोटासाठी नाही. कच्च्या खायच्या पिकाच्या पाण्यात १०० मिलीमागे मैलजन्य कोलिफॉर्म १०००च्या वर नकोत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ मध्येच सांगितलं होतं. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यात ते लाखांनी, कोटींनी असतात. कोथिंबीर, कांदापात, मुळा आपण शिजवून खातो का?

दुसरं: ‘मासे दिसले म्हणजे प्राणवायू भरपूर.’ कुठले मासे ते बघा की! गप्पी पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरातून श्वास घेतो, मांगूर तर थेट हवा घेतो. प्राणवायू मोजायचा तर विंकलर पद्धत आहे. ३०० मिलीची काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचं, बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाला तिथं गुदमरलाय, पुढं मोजायची गरजच नाही. तपकिरी असेल तर २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल (हातमोजे घालून) घालून साका विरघळवायचा. त्यातलं २०० मिली घेऊन, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं. जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. डी वर्गाला किमान ४ लागतात.

इथं नेहमी होणारी चूक म्हणजे नमुना दुपारी घेणं. शेवाळाच्या पाण्यात दुपारी १०-११ही येतात, आणि बेळगावच्या उंचीवर २५ अंशांना पाण्यात मुळात साडेसातच्या आसपासच मावतात. रात्रभर तेच शेवाळ प्राणवायू खातं. नमुना उजाडायच्या आत घ्या.

तिसरं: ‘किडे वळवळले तर नाला मेला.’ उलट आहे! पाणी निघून जातं, किडे महिनोन्‌महिने तिथंच राहतात. अर्ध्या मिलिमीटर जाळीची पिशवी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची, तिच्यासमोर तीन मिनिटं पायानं तळ ढवळायचा आणि माल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचा. पोटाच्या कडेला कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेली मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं, वाळूची नळी करून राहणाऱ्या अळ्या मिळाल्या तर नाल्यात जीव आहे. नुसत्या लालभडक अळ्या आणि ट्युबिफेक्स (गाळातले बारीक लाल जंत) असतील तर प्राणवायू कधीचाच संपलाय. लाल रंग हिमोग्लोबिनचा, कमी प्राणवायूत तगण्यासाठी. एकाच जागेवरून निकाल देऊ नका. वस्तीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे ट्रे भरा.

चौथं, जलपर्णी ‘आपोआप शुद्ध करते, काढू नका’. नायट्रोजन, फॉस्फरस ती शोषते, खरं आहे. पण काढून बाहेर नेली तरच उपयोग. तिथंच कुजली की घेतलेलं सगळं परत पाण्यात, वर प्राणवायूही खाते, आणि पावसाळ्यात पाणी तुंबून शहापूर-वडगावच्या शिवारातल्या भातात शिरतं.

पाचवं, ‘ब्लीचिंग पावडर टाका, नाला साफ’. सांडपाण्यातल्या अमोनियाशी क्लोरीनचं क्लोरामाइन होतं, आणि मासे त्यानंच मरतात. मावशीनं पोतं मागवलेलं नाही, एवढंच नशीब.