कपभर कोथिंबीर म्हणजे किती?

‘एक कप चिरलेली कोथिंबीर’ म्हणजे नेमकी किती, हे रेसिपीवाले ग्रॅममध्ये का लिहीत नाहीत? दादरच्या बाजारात कोथिंबीर जुडीवर मिळते, त्यात पावसाळ्यात जुडी मुठीएवढी! २४० मिलीचा कप सैलसर भरला तर जेमतेम १६ ग्रॅम, दाबून भरला की आकडा कुठल्या कुठे. देठांसकट की नुसती पानं, तेही सांगत नाहीत. धुऊन नीट निथळली नाही तर वजन आणखी वेगळं. वाळवलेल्या पुदिन्याचं तर विचारूच नका. ताज्याच्या तिसरा हिस्सा म्हणतात, पण तो चमच्याने. वजनाने त्याहून कमी, कारण ताज्या पानात बहुतेक पाणीच. मीठ-साखर मोजा खुशाल कपाने. पण कोथिंबीर वड्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईने जुड्या किती आणायच्या, सांगा ना!