विंडोज १० संपलं म्हणून चांगला लॅपटॉप भंगारात देऊ नका

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय, आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग आईच्या भिशीच्या ग्रुपवर, आणि परवा ऑफिसच्या ग्रुपवर पण तोच. थोडक्यात असा: विंडोज १० बंद झालंय, त्याच्यावरचे जुने लॅपटॉप आता भंगार, लगेच नवीन घ्या, आणि कुणी लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) टाका म्हणालं तर ऐकू नका, कारण ते इंजिनियर लोकांसाठी आहे, त्यात मराठी टाईप होत नाही, वर्ड-प्रिंटर-टॅली काही चालत नाही, फुकट असल्यामुळे तुमचा डेटा विकतात, आणि जर्मनीतल्या म्युनिक शहराने सुद्धा ते वापरून सोडून दिलं.

मला या मेसेजचा मनापासून राग आहे. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात, सगळे त्यांना सरच म्हणतात, त्यांनी हे वाचलं आणि सरळ दुकानात जाऊन ४५ हजारांचं कोटेशन घेऊन आले. लॅपटॉप २०१६ चा, सिक्स्थ जनरेशन आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम, अंगावर एक ओरखडा नाही. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाला कुणीतरी न तपासता पाठवलेल्या मेसेजपायी ४५ हजार घालायला लागणार होते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"विंडोज १० बंद झालं." तारीख खरी आहे, १४ ऑक्टोबर २०२५. पण त्या दिवशी थांबलं काय तर मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट, कम्प्युटर काही बंद पडत नाही. अपडेट नसणं हा धोका आहेच, नवीन सापडलेली भोकं बुजवली जात नाहीत, त्यामुळे तसंच वर्षानुवर्षं नेटबँकिंग करत बसा असं मी म्हणणार नाही. पण घरगुती कम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादाचे सिक्युरिटी अपडेट मिळायची सोय कंपनीनेच ठेवलीय, सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवता येतं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. आणि सरांच्या मशीनवर विंडोज ११ का जात नाही तर त्याला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची सोय लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा. म्हणजे मशीन थकलंय म्हणून नाही, यादीत बसत नाही म्हणून. या दोन गोष्टींत खूप फरक आहे आणि दुकानदार तो सांगत नाही.

"लिनक्स इंजिनियर लोकांसाठी, काळ्या स्क्रीनवर कमांड टाकायला लागतात." तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नलवरच, म्हणजे गाभ्यावरच, चालतो, तो वापरायला कुणी इंजिनियरिंग केलं नाही. मी सरांना लिनक्सचाच एक प्रकार, लिनक्स मिंट दाखवलं, तेसुद्धा लॅपटॉपला हात न लावता. ते पेनड्राईव्हवरूनच चालू होतं, हार्डडिस्कवर काही बदल होत नाही, बघून झालं की बंद करा, पेनड्राईव्ह काढा, तुमचं विंडोज होतं तसं आहे. फक्त पेनड्राईव्हवरून जरा हळू चालतं, त्यावरून स्पीड ठरवू नका. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय. सर दोन मिनिटं इकडे तिकडे क्लिक करून म्हणाले, "अरे, हे तर आपलं आहे तसंच दिसतंय की." नवीन प्रोग्रॅम घ्यायला फोनसारखंच एक दुकान आहे, अपडेटचं चिन्ह कोपऱ्यात येतं, त्यावर क्लिक करायचं. कमांड कधीच लागत नाही असं नाही, काही अडलं तर लागते, पण पत्र लिहायला आणि फोटो बघायला नाही.

आता मराठी. या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे वाचूनच आपली माणसं मागे फिरतात. सर सोसायटीच्या सगळ्या नोटिसा मराठीत काढतात आणि टायपिंग करतात इनस्क्रिप्ट कीबोर्डने, जे भारत सरकारचं स्टँडर्ड आहे. स्टँडर्ड असल्याचा फायदा असा की कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआऊट घेतलं आणि सरांची बोटं पूर्वीसारखीच चालायला लागली. मी मुद्दाम त्यांना "दुसऱ्या मजल्यावरील" टाईप करायला सांगितलं कारण तो ऱ्य भल्याभल्यांना छळतो, र आणि य नुसते जोडले की "र्य" होतो आणि नोटिशीत "दुसर्या" छापून येतं. शिफ्ट दाबून जे, मग डी, मग स्लॅश, आणि ऱ्य व्यवस्थित उमटला, अगदी विंडोजवर उमटतो तसाच. ज्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस नावाच्या सोयीतून फोनेटिक घेता येतं, गमभन पद्धत पण त्यात आहे. फॉन्ट म्हणाल तर नोटो आहे, रेड हॅटने सगळ्यांना खुले करून दिलेले लोहित आहेत.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जे लोक लग्नपत्रिका, पुस्तकं छपाईसाठी लावतात, ज्यांचं सगळं काम श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर आणि कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅमवर चालतं, त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांच्या जुन्या फाईली युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नाहीत आणि कोरल लिनक्सवर येत नाही. तेच टॅलीचं, फोटोशॉपचं, ऑटोकॅडचं. डिजिटल सिग्नेचरचा टोकन (पेनड्राईव्हसारखा असतो तो) रोज लावावा लागत असेल तर आधी करून बघा, मगच ठरवा. मेसेजमधली टॅलीची ओळ तेवढी बरोबर आहे, पण सोसायटीतल्या किती जणांकडे घरी टॅली आहे?

वर्ड आणि एक्सेलच्या फाईली लिब्रेऑफिस या फुकटच्या ऑफिस प्रोग्रॅममध्ये उघडतात. सरांच्या एका जुन्या नोटिशीत मंगल फॉन्ट होता, तो मायक्रोसॉफ्टचा, लिनक्समध्ये नसतो, त्यामुळे दुसरा फॉन्ट लागला आणि एका पानाची नोटीस दुसऱ्या पानावर चार ओळी सांडली. मुक्ता फॉन्ट टाकून साईज जरा कमी केला, झालं. बाहेर पाठवायची तर पीडीएफ करून पाठवा. प्रिंटरचं मात्र मॉडेलवर आहे, वायफायवाले नवीन प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात, काही जुन्या छोट्या लेझर प्रिंटरांनी मला स्वतःला संध्याकाळभर दमवलंय. म्हणूनच म्हणतो, पेनड्राईव्हवरून चालू असतानाच एक पान छापून बघा.

"फुकट आहे म्हणजे डेटा विकतात." याला काही आधार नाही. लिनक्सचा कोड १९९१ पासून सगळ्यांसमोर उघडा आहे. मिंट देणग्या आणि स्पॉन्सरशिपवर चालतं आणि ते तुम्ही कुठलंही अकाउंट न काढता वापरू शकता.

म्युनिकने २०१७ मध्ये विंडोजवर परत जायचं ठरवलं, हे खरं. पण त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाईन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी कम्प्युटर लिब्रेऑफिस आणि लिनक्सवर न्यायचं जाहीर केलं, फ्रान्सचं जाँदार्मरी पोलीस दल कित्येक वर्षं हजारो मशीनवर लिनक्स वापरतंय, आणि एवढं लांब कशाला, केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात. मेसेजवाल्याला फक्त म्युनिक दिसलं.

कुणी करणार असेल तर घाई नको. फोटो आणि कागदपत्रं आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाईली उघडून बघा, नुसतं कॉपी झालं म्हणून विश्वास ठेवू नका. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावायची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. दोन्ही सिस्टिम ठेवल्या तर विंडोजचं घड्याळ कधी कधी बरोब्बर साडेपाच तास मागे पडतं, घाबरू नका, दोघांची वेळ ठेवायची पद्धत वेगळी असते, एका सेटिंगने जमतं. आणि इन्स्टॉल करताना "डिस्क पूर्ण पुसा" असा पर्याय येतो, त्यावर क्लिक करायच्या आधी मी सरांना त्यांच्या नातीच्या बारशाचा अल्बम बाहेरच्या डिस्कवरून उघडून दाखवायला लावला. सगळे फोटो दिसले, मगच पुढे गेलो.