जास्तीचं अंडं

युगांडाहून परतून आठ दिवस झाले. पिवळ्या तापाच्या लशीने दुखलेला दंड कधीच बरा झाला, पण तिथल्या जिंजा शहरातल्या चपातीवाल्याने केलेला अपमान अजून ठणकतोय.

समाजसेवेची हौस होती. एका संस्थेकडे १ लाख रुपये भरले आणि शाळेची भिंत रंगवायला गेलो, एवढीच पूर्वपीठिका. तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून कोपऱ्यावर रोलेक्स खायला थांबलो. रोलेक्स म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. 'रोल्ड एग्ज' भराभर म्हणून बघा. चपाती तिकडे आपल्या लोकांनी नेली आणि तिला चपातीच म्हणतात. पोळी-चपातीच्या वादात आम्ही पुणेकर कायमचे हरलोय, हे मला विषुववृत्ताशेजारी कळलं.

"तुझं दुका कुठंय?" चपातीवाल्याने कणीक मळता मळता विचारलं.

दुका म्हणजे दुकान. त्याची शेगडीसुद्धा 'सिगिरी'. १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीनने ९० दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना हाकललं, पण हे शब्द मागे राहिले ते राहिलेच.

"दुकान नाही माझं."

"मग ककिराच्या साखर कारखान्यात?"

"नाही. शाळा रंगवतोय."

"हां, पेंटर!" त्याला हायसं वाटलं. "रोज किती सुटतात?"

"सुटत नाहीत. मीच भरलेत."

उलथनं हवेत थांबलं.

"रंगवायला? तू पैसे भरलेस?"

त्याने समोरच्या बोडा-बोडावाल्यांना, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांना, हाक मारली. गिऱ्हाइकं सोडून तिघे आले. त्याने लुगांडा भाषेत माझी हकीकत ऐकवली. त्यातलं मला फक्त 'मुयिंडी' कळलं, म्हणजे भारतीय. पुढचं हसू कळायला भाषा लागत नव्हती. एकाने आकडा विचारला. माझी अवदसा, मी खरा सांगितला. शिलिंगांत तो चाळीस लाखांच्या घरात गेला आणि हसणं थांबलं.

"पासपोर्ट त्यांनी काढून घेतलाय का?" एकाने हळूच विचारलं.

"नाही हो! मी स्वखुशीने आलोय."

"घरी माहीत आहे?"

चपातीवाला माझ्या शर्टाकडे बघत होता. भिंतीपेक्षा जास्त रंग त्याच्यावर होता. "माझा मेहुणा पेंटर आहे," तो म्हणाला. "शाळेच्या मागेच राहतो. सध्या बसून असतो."

यावर काय बोलणार? संस्थेच्या माहितीपत्रकात 'गरजू' हा शब्द दर दोन ओळींनी येतो, मेहुणा कुठेच येत नाही. परत आल्यावर मी लाखाचा हिशोब मागितला. त्यांनी प्रशस्तिपत्रक पाठवलं, त्यातही आडनाव चुकीचं. पुढच्या महिन्यात नवी तुकडी जाणार आहे म्हणे. भिंत तीच, रंग दुसरा. मी पिवळा दिला होता, दोन हात, आणि माझ्या मते बरा जमला होता.

असो. रोलेक्स हातात आला. मी दोन हजार शिलिंग पुढे केले, तर त्याने माझी मूठ मिटवली.

"राहू दे," म्हणाला. "आधीच बरंच गेलंय तुझं."

वर एक अंडं जास्तीचं घातलं होतं.