‘पाचशे रुपयांत घर दुरुस्त’ या संदेशाला उत्तर

‘मिस्त्री बोलावू नका, पाचशे रुपयांत घर स्वतः दुरुस्त करा’ या मथळ्याचा एक संदेश सध्या आमच्या भागात हातोहात फिरतो आहे. त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. भिंतीचा तडा पुट्टीने बुजवला की काम संपते. गळक्या स्लॅबवर पांढरे सिमेंट आणि लाकडाचा पांढरा गोंद कालवून लावला की गळती थांबते. एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) वारंवार पडत असेल तर मोठी बसवावी आणि अर्थिंगची वायर पाण्याच्या नळाला जोडली तरी चालते. क्षार ॲसिडने काढावेत. आणि अर्ध्या तासाच्या कामाचे चारशे-पाचशे रुपये मागणारा मिस्त्री लुबाडणारा असतो. परभणी आणि आसपासच्या गावांत नळ, वायरिंग, गिलावा, दारे-खिडक्या अशी किरकोळ दुरुस्तीची कामे मी करतो. या सल्ल्यांचे परिणाम लोकांच्या घरांत मी पाहिलेले असल्यामुळे एकेका दाव्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

तड्यांचा दावा मराठवाड्यापुरता सर्वांत घातक आहे, कारण आपली बहुतेक घरे काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते, पण घराच्या कडेची माती तशीच सुकते आणि मधल्या भागाखाली मात्र ओल टिकून राहते, त्यामुळे पाया सगळीकडून सारखा न हलता एखाद्या कोपऱ्यात खचतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा घरात खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यापासून तिरका, पायऱ्यापायऱ्यांनी विटांच्या सांध्यांतून जाणारा तडा दिसतो. त्यात पुट्टी भरली तर पुढच्या पावसाळ्यात माती फुगते, तडा मिटू लागतो, भरलेली पुट्टी मध्ये दाबली जाऊन सुटते, आणि दिवाळीनंतर माती सुकू लागली की तीच जागा पुन्हा उघडते.

सगळे तडे मात्र असे नसतात. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या रेषा बहुधा गिलाव्याला पुरेसे दिवस पाणी न मारल्यामुळे पडतात. तिथे पुट्टी खरोखरच पुरते आणि त्यासाठी कोणाला बोलावण्याची गरज नाही. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथला सरळ उभा तडा दोन वेगळ्या वस्तूंच्या सांध्याचा असतो. तिथे गिलावा काढून जाळी ठोकावी लागते. स्लॅबच्या खाली भिंतीच्या माथ्यावर आडवी रेष गेली असेल, तर स्लॅब उन्हाने प्रसरण पावून भिंतीवर सरकतो आहे असे समजावे. तिरका तडा असेल तर आधी घराभोवती फिरून पाणी कुठे मुरते ते पाहावे. गच्चीची पन्हाळ पायाशीच सुटते का, न्हाणीचा पाइप जोत्यालगत फुटला आहे का, शोषखड्डा भिंतीला चिकटून घेतला आहे का? शोषखड्डा ही उत्तम गोष्ट आहे आणि गावोगाव ते व्हायलाच हवेत, पण काळ्या मातीत तो पायाजवळ खणणे म्हणजे पायाखालची माती बारा महिने ओली ठेवणे होय. घराभोवती बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन फरशी केली आणि पाणी लांब नेले, तर कित्येक तडे वाढायचे थांबतात. इतका साधा उपाय त्या संदेशात एका शब्दानेही आलेला नाही.

जुन्या दगड-मातीच्या भिंतींची गोष्ट आणखी गंभीर आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचा, म्हणजे लाकडांवर माती घालून केलेल्या सपाट छताचा, भार अंगावर कोसळल्यामुळे. अशा भिंतीला पोट सुटले असेल, तर आतला आणि बाहेरचा थर एकमेकांपासून सुटले आहेत असा त्याचा अर्थ होतो. वरून सिमेंटचा गिलावा फिरवला की फुगवटा झाकला जातो आणि धोका तसाच राहतो. तिथे भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवून दोन्ही थर बांधावे लागतात, छतावरची जादा माती कमी करावी लागते, आणि हे काम अभियंत्याला दाखवल्याशिवाय कोणी हाती घेऊ नये. मीही घेत नाही.

गळक्या स्लॅबचा उपाय वस्तूच्या गुणधर्मालाच धरून नाही. लाकडाचा पांढरा गोंद वाळल्यावर घट्ट वाटतो, पण तो पाण्यात राहिला की पुन्हा मऊ पडतो, आणि पांढरे सिमेंट ताठ असते. मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढे तापणारा स्लॅब दिवसा पसरतो, रात्री आकसतो आणि त्या हालचालीत हा पातळ थर तडकतो. मग पहिल्याच पावसात त्याच्या खपल्या पन्हाळीत जाऊन बसतात. शिवाय थेंब जिथे पडतो तिथेच पाणी शिरते असे नाही. स्लॅबमध्ये ते आडवे वाहत जाऊन चार-पाच फुटांवर खाली उतरू शकते, म्हणून डागाच्या बरोबर वरची जागा सारवण्यात पैसे वाया जातात. गच्चीचे विटांनी लहान भाग करून एकेका भागात बोटभर पाणी एक दिवस साठवून ठेवावे आणि खाली कधी ओल येते ते पाहावे. दोष बहुतेक वेळा कठड्याच्या आणि स्लॅबच्या सांध्यात किंवा पाइपाभोवती निघतो. त्या सांध्याला नीट वाटा मारला, म्हणजे कोपरा सिमेंटने गोलसर भरला, आणि कोब्याचा (गच्चीवरच्या सिमेंटच्या थराचा) ढाळ पन्हाळीकडे केला, की वरून लावायचा थर कोणता हा प्रश्न दुय्यम ठरतो. छताखालचा गिलावा फुगून गंजलेली सळई दिसू लागली असेल, तर तो गळतीचा नव्हे, मजबुतीचा प्रश्न आहे.

विजेचा सल्ला वाचून मला खरोखर भीती वाटली. एमसीबी ही भिंतीतल्या वायरची राखण करते. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर 10 अँपिअरची एमसीबी असते. ती पडते म्हणून 32 ची बसवली, तर भार तोच राहतो, फक्त आता एमसीबी गप्प बसते आणि वायर पाइपाच्या आत तापून तिचे आवरण वितळू लागते. ती का पडते हे शोधणे हेच खरे काम आहे. अर्थिंगसाठी नळाचा आधार घेणे तर दुहेरी चूक आहे. नळाचे पाइप आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे असतात, म्हणजे वीज जमिनीत जातच नाही, आणि जिथे ते लोखंडी आहेत तिथे नळाला हात लावणाऱ्या प्रत्येकापर्यंत ती पोहोचू शकते. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी लोखंडी पत्र्याचे कूलर चालतात, त्यांत पाणी असते, पंपाची वायर झिजलेली असते आणि प्लगची तिसरी पिन पुष्कळदा तोडलेली असते. अशा कूलरच्या अंगावर आलेला माणसाचा जीव घेण्याइतका प्रवाह एमसीबीला जाणवतही नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज बाहेर गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरे अर्थिंग लागते. प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी भरू नये, हे मी प्रत्येक घरात सांगतो आणि इथेही सांगतो.

ॲसिडबद्दल थोडक्यात सांगता येईल. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर ॲसिडने निघतात, परंतु नळाचे क्रोमही निघते. शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, त्यामुळे ॲसिड पडताच फेस येतो तो मळाचा नसून फरशीचाच असतो, आणि गेलेली झळाळी परत येत नाही. बंद न्हाणीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू तयार होतो. नळाला लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास गुंडाळून पुसून घेतले की पुरते. शहाबादीवर मात्र लिंबूही नको.

राहिला मजुरीचा आरोप. आमच्यात अंगचोर आणि खोटी बिले करणारी माणसे आहेत, हे मी नाकारत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी अंदाज लिहून घ्यावा, सामान शक्यतो स्वतः आणावे आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. पण अर्ध्या तासाच्या मोबदल्यात येण्याजाण्याचा वेळ, हत्यारांची झीज आणि काम न मिळालेले दिवस धरलेले असतात, आणि मुख्य म्हणजे दोष कुठे आहे हे ओळखण्याचे पैसे असतात. नळाचा वायसर बदलणे, तोटीच्या तोंडाची जाळी साफ करणे, बिजागरीचे स्क्रू आवळणे यांसाठी मला बोलावू नका. ते घरातल्या कोणालाही जमते. मृगाच्या आधी पन्हाळींतला पालापाचोळा काढा. तिरका तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा, आणि दिवाळीनंतर पुन्हा पाहा. तडा त्या खुणांच्या पुढे सरकलेला असेल, तर पुट्टीचा डबा न उघडता जाणत्या माणसाला ती भिंत दाखवा.